छताची वरची बाजू

आमच्या घरमालकांचं वरचं घर दरवर्षी पावसाळ्यातच भाड्याने जातं. हे मला पावसाळ्यात कळलं असतं तर मी आज वारज्याला एखाद्या पहिल्या मजल्यावर सुखाने घोरत असते. मला ते कळलं चैत्रात, आणि तोवर करारावर सही होऊन आठ-नऊ महिने झाले होते.

घर येरवड्यात आहे. जुनी इमारत, तीन मजले, लिफ्ट नाही. तळमजल्यावर घरमालक आणि त्यांची बायको राहतात, मधलं घर त्यांच्या परदेशातल्या मुलासाठी कुलूप लावून ठेवलंय आणि वर, थेट गच्चीखाली, मी. घरमालकांना मी काका म्हणते आणि त्यांच्या बायकोला काकू. प्रेम वगैरे नव्हतं. पुण्यात भाडेकरूला हा कर भरावाच लागतो.

काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. ही इमारत त्यांनी स्वतः आखली. ते प्रत्येकाशी 'आपण' म्हणून बोलतात, आणि त्यांनी आपल्याला 'आपण' म्हटलं की अपमान झाल्यासारखं वाटतं, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

माझा धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. बंद पडलेल्या कंपन्यांची टेबलं, खुर्च्या, कपाटं घाऊक उचलायची, दुरुस्त करायची आणि नव्या उघडणाऱ्या कंपन्यांना विकायची. यथावकाश त्याही बंद पडतात आणि तीच टेबलं माझ्याकडे परत येतात. वर्ध्याकडून एका बॅगेवर आले होते, नवरा मागेच सोडून. आज गोदाम आहे, टेम्पो आहे, आणि हे सगळं मी एकाच गोष्टीवर उभं केलंय. मला भाव करता येतो. भाजीवालीपासून आयकरवाल्यापर्यंत कोणाशीही.

घर पाहायला गेले तेव्हा आषाढ होता. खिडकीबाहेर गुलमोहोर निथळत होता, वारा असा की कॅलेंडर भिंतीवर फडफडत होतं. काकांनी भाडं सांगितलं. मी नाक मुरडलं. लिफ्ट नाही म्हणाले, जिना अरुंद आहे म्हणाले, मोरीतली फरशी फुटलेली दाखवली आणि एक आकडा फेकला. काका चष्मा पुसत म्हणाले, "बरं. आपण म्हणाल तसं."

समोरचा पहिल्या दमात खाली आला की थांबायचं आणि माल उलटा करून पाहायचा, हा धंद्याचा पहिला धडा. लोकांना टेबलं विकताना मी स्वतः कधीच पहिल्या दमात खाली येत नाही, ते याच कारणाने. पण त्या दिवशी मी जिना उतरताना पेढे कुठून घ्यावेत याचा विचार करत होते.

एवढं मात्र विचारलं होतं. "उन्हाळ्यात कसं असतं?"

"पुण्यात पंखा पुरतो," काका म्हणाले.

अकरा महिन्यांचा करार झाला. मुदतीआधी घर सोडलं तर अनामत परत मिळणार नाही, असं त्यात एक कलम होतं. मी ते वाचून हसले होते. एवढं स्वस्त घर कोण सोडेल?

दिवाळीनंतर मी आईला घेऊन आले. ती गावी भावाकडे राहत होती. भावाने तिची खोली बियाण्याच्या पोत्यांना दिली आणि तिला ओसरीवर आणलं. मागच्या उन्हाळ्यात ती तिथेच चक्कर येऊन पडली आणि घरातल्यांच्या ते लक्षात आलं जेवणाच्या वेळी, ताट वाढल्यावर. हे मला शेजारणीने फोनवर सांगितलं. लेकीच्या दारात राहणं आईला पटत नव्हतं. "काही दिवस येतो," म्हणाली. पिशवी तिने लगेच पूर्ण रिकामी केली नाही. तळाशी एक कोरं पांढरं लुगडं ठेवलं होतं, बुद्धपौर्णिमेला नेसायचं.

होळी झाली आणि घर तापायला लागलं. तापायला म्हणजे कसं, तर गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन प्यायचा आणि दुपारपासून ते आमच्या डोक्यावर ओतायचा. पंखा ते नीट ढवळून सगळीकडे सारखं वाटायचा. उशी उलटी केली तरी गरम. आंघोळीला गीझर लागत नव्हता, एवढी एकच बचत.

आई म्हणाली, "काहून वं पोरी, मी वर्ध्याकडची बाई. ऊन मले नवं नाही. पण तिकडं ऊन बाहेर राहते. इथं त घरातच बसून हाय, भाडं न देता."

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे, आई."

"बुद्धपौर्णिमेपर्यंत पाहतो. मंग मले गाडीत बसवून दे. तिकडं ओसरीवर कूलर तरी हाय."

तो कूलर ओसरीवर नव्हता, भावाच्या खोलीत होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. एकदा गेली की ती परत येणार नाही, हेही दोघींना माहीत होतं. ओसरीवर ती पुन्हा पडली तर जेवणाच्या वेळेपर्यंत कोणी बघणार नव्हतं.

त्याच आठवड्यात फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याने सहज विचारलं, "ताई, तुम्ही कधी निघणार?"

"का निघू?"

"नाही, मागचे चैत्रातच गेले. त्यांच्या आधीचे आयटीवाले तर गुढी उतरवायला थांबले नाहीत. काकांनी मग रंग मारून पावसात परत दिलं."

मी तिथेच उभी राहिले, हातात इस्त्रीचे कपडे. दरवर्षी एक मूर्ख पावसात यायचा, वाऱ्याला भुलायचा, चैत्रात पळायचा आणि अनामत मागे ठेवायचा. यंदाची मूर्ख मी होते. मला उकाड्याचा राग आला नव्हता. मला 'बरं, आपण म्हणाल तसं'चा राग आला.

मी थेट तळमजल्याची बेल वाजवली. काका बनियनमध्ये वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या घरात खरोखरच पंखा पुरत होता. वर दोन मजले होते ना.

"मला एसी लावायचाय."

"जरूर लावा. मात्र वायरिंग आमच्या लग्नाच्या वेळचं आहे. वायरिंग आणि एसी, दोन्हींपैकी एकच टिकेल."

"मग खिडकीबाहेर कूलरचा स्टँड ठोकते."

"एलिव्हेशन बिघडेल. इमारतीची दर्शनी बाजू आहे ती."

ह्या इमारतीचं एलिव्हेशन म्हणजे जुन्या लोणच्याच्या बरणीचा रंग आणि त्यावर कबुतरांनी केलेली नक्षी. मी ते बोलून दाखवलं. काका म्हणाले, "आपण फर्निचरवाल्या. आपल्याला दिसायचं नाही ते."

एका बंद पडलेल्या कॉल सेंटरमधून मी एक कूलर उचलून आणला होता, तो मग घरातच ठेवला. कूलर खिडकीबाहेर बसवायचा असतो, बाहेरची कोरडी हवा आत ओढायला, हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. पण रागात माणूस काहीही करतो. दोन दिवसांत मीठ पाझरलं, बिस्किटं मऊ पडली आणि माझ्या अंगावर ओला टॉवेल गुंडाळल्यासारखं व्हायला लागलं.

"कूलर घरात ठेवते काय कोणी?" आई म्हणाली. "म्हशीले सोफ्यावर बसवल्यावानी."

म्हैस गोदामात परत गेली. मग मी खिडक्यांना गोणपाट लावून त्यावर पाणी मारलं. त्याने बरं वाटत होतं, खरंच. एका सकाळी काकांनी जिन्यात गाठलं. "आमच्या स्कूटरवर वरून अभिषेक होतो आहे. तिने काही नवस केल्याचं आम्हाला आठवत नाही."

गोणपाट गेले. राहिली गच्ची. गच्चीला चुन्याचे दोन हात मारले की स्लॅब निम्मा तापतो. चुना स्वस्त आहे, ब्रश माझ्याकडे आहे, माणूसही मीच. आणखी काय लागतं? किल्ली लागते. ती काकूंच्या कमरेला.

"गच्ची मिळणार नाही," काका म्हणाले. "होळीपासून मृगापर्यंत हिचं वाळवण असतं. पापडाला चुना लागेल."

"अहो, पण माझं छत आहे ते."

"छताची खालची बाजू आपली. वरची आमची. करारात पाहून घ्या."

"आणि वरून जी उष्णता खाली येते ती?"

"ती आमच्याकडून आपल्याला भेट."

यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मधल्या मजल्यावर कोणी राहत नाही हे त्या घराचं नशीब. एवढं म्हणाले की अनामतीचा धंदा करण्यापेक्षा माणसाने पाकीट मारावं, त्यात निदान पळावं तरी लागतं. काका शांतपणे म्हणाले, "या वयात पळणं होत नाही," आणि दार लावून घेतलं.

मग एका दुपारी मी जेवायला घरी आले. आई नेहमी दिवाणखान्यात फरशीवर पडायची, त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती, आणि चक्क चादर घेऊन.

"बरं नाही का?"

"बरं हाय. इथं गार लागते."

खरंच लागत होतं. एकाच घरात, एकाच छताखाली, बाहेरची खोली तव्यासारखी आणि आतली बरी. मी टेबलावर चढून छताला हात लावला. बाहेरच्या खोलीत हात टेकवेना. आतल्या खोलीत कोमट. मी तशीच वर गेले. गच्चीचं दार उघडं होतं, काकू वाकून पापड उलटत होत्या. त्यांनी दोन लोखंडी खाटा मांडल्या होत्या, वर जुनी धोतरं, धोतरांवर उडदाचे पापड. खाटा नेमक्या आमच्या आतल्या खोलीच्या वर. खाली गच्चीवर सावली, मधून वारा वाहतोय. उरलेली गच्ची उन्हात फटफटीत.

पापड मला वरून सावली देत होते, फुकट. आता अशाच सावलीने सगळी गच्ची झाकायची होती.

काकू कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "काय हवंय?"

"तुमची कंबर पाहवत नाही," मी म्हणाले.

"इतकी वर्षं पाहवली की."

"माझ्याकडे टेबलं आहेत. ऑफिसची, मोठी. उभ्या उभ्या पापड घालायचे, उभ्या उभ्या काढायचे. मुंग्या चढणार नाहीत. गच्चीभर मांडून देते. एक पैसा नको."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फुकट देणारी दिसत नाहीस. तुझं काय त्यात?"

"सावली. वरची बाजू तुमची, खाली पडेल ती सावली माझी."

त्या हसल्या. मग लगेच धंद्यावर आल्या. टेबलांच्या पायांना रबर लावून हवं, गच्ची खरवडायला नको. कबुतरांसाठी वरून जाळी हवी. जाळी माझ्या खर्चाने. आणि पावसाआधी टेबलं मीच झाकायची. मी जाळीवर अडून पाहिलं. काकू म्हणाल्या, "मग राहू दे, माझ्या खाटा आहेत." जाळी मी आणली. इमारतीत भाव कोणाला करता येतो ते त्या दिवशी मला कळलं. तो काकांना येत नव्हता.

टेबलं चढवायला हमालांनी अर्धा दिवस शिव्या दिल्या. पाण्याने फुगलेली, सनमायका उडालेली, कोणी घेत नसलेली टेबलं होती ती. त्यात एक भलंमोठं कॉन्फरन्स टेबल होतं, ज्याच्याभोवती बसून एक आख्खी कंपनी बुडाली होती. काका जिन्यात आले.

"हे काय? गच्चीवर कचेरी थाटताय?"

उत्तर काकूंनी दिलं, वरून. "तुम्ही जन्मभर टेबलामागे बसलात. पापड तरी वाळवले असते त्यावर."

आता टेबलं झाली, पण गच्चीभर टेबलांवर पसरायला एकट्या काकूंचे पापड पुरेनात, आणि रिकामी टेबलं पाहून काका रोज भुवई उडवायला लागले. तेव्हा आई माझ्याशी काही न बोलता वर गेली. मी संध्याकाळी आले तर काकू आणि आई समोरासमोर उभ्या, मध्ये टेबल, टेबलावर आईची जुनी पांढरी लुगडी. विहारात नेसून नेसून मऊ झालेली.

काकूंनी लुगड्यांकडे पाहिलं, मग आईकडे. त्या पाहण्यात काय काय होतं ते मला ओळखू येतं. माझा हात कमरेवर गेला, तोंड उघडलंच होतं.

"धुतलेली आहेत ना?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या धोतरायपेक्षा," आई म्हणाली.

काकूंनी वाकून आपल्या धोतराचा एक कोपरा पाहिला. त्यावर हळदीचा एक डाग होता, माझ्या जन्माआधीचा असावा. "मग पसरा," त्या म्हणाल्या. "उद्या चीक शिजवू."

तिथून पुढे माझं कोणी ऐकेना. आईने गव्हाचा चीक घोटला, कुरडया घातल्या, मुगाच्या वड्या घातल्या. ज्यांना टेबलं-खुर्च्या विकल्या त्या कंपन्यांतल्या मुलींना मी कुरडयांचे फोटो पाठवले आणि त्यांच्या आयांच्या आठवणी काढल्या. मागणी आली. टेबलं भरली. घर निवलं. एसीसारखं नाही, खोटं कशाला बोलू, पण पंख्याखाली माणूस झोपू शकेल इतकं. काकांचं वाक्य अखेर खरं झालं, ह्याचा मला वेगळा राग आला.

मोठी गंमत पुढेच होती. मी एवढा आटापिटा करून जिच्यासाठी घर थंड केलं, ती बाई घरात थांबेना. एका दुपारी मी आले तर घर रिकामं. धावत वर गेले. कॉन्फरन्स टेबलाखाली, गार सावलीत, चटईवर आई आणि काकू बसल्या होत्या. कबुतरांसाठी हाताशी काठी, मध्ये ताकाचा तांब्या. दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होत्या.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते? उन्हात जायचं नाही."

"ऊन टेबलावर हाय. आमी खाली हाओत."

"घर थंड केलंय तुझ्यासाठी."

"मंग तू झोप ना त्यात," आई म्हणाली, आणि काकूंनी मला ताक विचारलंसुद्धा नाही.

बुद्धपौर्णिमा आली. आईने कोरं लुगडं पिशवीतून काढलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच भांडी वाजवत राहिले. गाडीचं तिने विचारलं असतं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, तिकिटं मिळत नाहीत म्हणून. तिने विचारलं नाही. विहारात जाऊन आली, खीर केली, वाटी घेऊन खाली गेली. काकूंनी दारातच उभ्या उभ्या खाल्ली आणि वाटी पुन्हा पुढे केली. रिकामी झालेली पिशवी घडी करून आईने टेबलांच्या जाळीला ठिगळ लावायला घेतली.

मे संपत आला आणि काका करार घेऊन वर आले. मी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच वर आले असतील. खुर्चीत बसले, छताकडे पाहिलं.

"भाडं आता बाजारभावाने घ्यावं लागेल. घर थंड आहे."

"थंड मी केलं," मी म्हणाले. माझा आवाज चढायला लागला होता.

"थंडावा वरून येतो. वरची बाजू आमची. आपणच मान्य केलंय."

आई दारातून म्हणाली, "काहो, घर भट्टी होतं तवा भाडं कमी होतं काय?"

"होतं की," काका म्हणाले. "विचारा लेकीला. त्यांनी जो आकडा सांगितला त्याला आम्ही हो म्हणालो. आमचं कोणाशी भांडण नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खानदानाला मी त्या घराचं भाडं कसं पाडून घेतलं ते सांगितलं होतं. पेढ्यांसकट.

"ठीक आहे," मी उठले. "घर सोडते. मुदत पूर्ण झालीये, अनामत मोजून ठेवा. उद्या टेम्पो येईल, टेबलं खाली उतरतील."

काकू जिन्यातच उभ्या असाव्यात. "भाड्याचं तुमचं तुम्ही बघा," त्या आत येत म्हणाल्या. "टेबलं हलायची नाहीत."

"माझी आहेत ती."

"वर आलेली वस्तू वरच्या बाजूची. विचार ह्यांना."

मी शेवटचा पत्ता टाकला. "आई, चल. सामान बांधू."

आई जागची हलली नाही. "तू जा," ती म्हणाली. "मी यायच्याकडे राहतो. मधलं घर रिकामंच हाय. पुढच्या साली आमाले ज्वारीच्या पापड्या करायच्या हायेत."

पुढच्या साली. हे दोन शब्द ऐकायला मी तो सगळा उन्हाळा काढला होता, आणि ती ते असे बोलली जसं मी भाजी आणायला निघाले होते. माझा चढलेला आवाज कुठे ठेवावा मला कळेना. मी परत बसले.

मग भाव झाला. वाढ निम्मी केली. खिडकीबाहेर कूलरचा स्टँड घेतला. काका म्हणाले, "एलिव्हेशन," तेव्हा काकू म्हणाल्या, "ते कबुतरांशिवाय कोणी बघत नाही." आणि गच्चीची दुसरी किल्ली आईच्या कमरेला गेली. मी पेन उचललं.

"निम्मी वाढ. नक्की?" मी विचारलं.

काका चष्मा पुसत म्हणाले, "बरं. आपण म्हणाल तसं."

मी सही केली. तेव्हापासून ह्यात कुठे गोम आहे ते शोधतेय. करार तीनदा वाचला, नळ तपासले, इस्त्रीवाल्याला विचारलं. वरून आई हाक मारते आहे, आणखी दोन टेबलं हवीत म्हणते, आणि ह्या खेपेला फुगलेली चालणार नाहीत. गोदामात चांगली आहेत. त्यांना गिऱ्हाईकही आहे.